हरलेल्याचं नाव आधी

दिनूदादा, काल तुझ्या शोकसभेला हॉल भरला होता, पण माणसं तुझ्यासाठी आली होती असं समजू नकोस. निम्मी तर रात्रीच्या फुटबॉल फायनलसाठी जागा धरायला आली होती. गिरीजच्या मंडळाचा हॉल एक, पडदा एक आणि रविवारही एकच. अनंताने दुपारीच पडदा टांगून घेतला आणि त्याच्यापुढे स्टुलावर तुझा फोटो ठेवला. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात तू असा दिसतोस की तुला कुठल्यातरी गुन्ह्यात धरून आणलंय. ‘दोन-दोन मिनिटं बोला, सहाला आवरायचंय,’ असं अनंताने सगळ्यांना बजावलं होतं. चौथा दिवस होता, दहावासुद्धा व्हायचा होता, पण पुढच्या रविवारी हॉल लग्नाला दिलेला. माणसाने मरायचंसुद्धा हॉलची तारीख बघून.

अनंता स्वतः मात्र दहा मिनिटं बोलला. आपला एकेकाळचा व्हॉलीबॉल कॅप्टन, आता मंडळाचा तहहयात अध्यक्ष. माईक हातात आला की त्याचा गळा आपोआप दाटतो, हे तुला ठाऊक आहेच. म्हणाला, ‘दिनूदादांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका निर्णयाने आपल्या गिरीजचा कप गेला. पण आज ती चूक आपण पोटात घालू या. त्यांचा चुलतभाऊ विश्वास, ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने तर ती केव्हाच घातली.’ मग माझ्याकडे बघून मान हलवली. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, दादा. तुझ्या शोकसभेत, मोठ्या मनाचा माणूस म्हणून मला.

मग मला बोलायला उभं केलं. माझ्याकडे दोन मिनिटं होती आणि सांगायला एकच वाक्य होतं. ते वाक्य मला तीस वर्षं तोंडपाठ आहे. मी म्हटलं, ‘दादा मोठा माणूस होता,’ आणि बसलो. सहाला दोघांनी तुझा फोटो उचलून कोपऱ्यात भिंतीला टेकवला आणि साउंड चेक सुरू झाला.

आता तुला सगळं पहिल्यापासून सांगतो, जरी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असलं तरी.

कळंबची टीम होती समोर. कोळ्यांची पोरं, वाळूत खेळून पोटऱ्या लोखंडाच्या झालेली. आपणही सगळे अनवाणीच खेळायचो. तू पंच होतास, कारण अख्ख्या पंचक्रोशीत नियमांचं पुस्तक वाचलेला तू एकटाच. कप जिंकायला आपल्याला एक पॉइंट हवा होता आणि सर्व्हिस माझी होती. मी बॉल उडवला, मारला, तो त्यांच्या दोघांच्या मधे पडला आणि अख्खं गाव मैदानात घुसलं. त्या गोंधळात तुझी शिट्टी वाजत राहिली. सर्व्हिस करताना माझा पाय मागच्या रेघेवर पडला होता, असं तू म्हणालास. रेघेला पाय लागला की फाऊल, सर्व्हिस समोरच्याची. एवढं साधं होतं.

लोक तुझ्या अंगावर धावले. ‘आपल्याच आळीचा असून?’ असं ओरडत होते, जणू आळीतल्या माणसाला रेघ वेगळी दिसायला हवी. मी तहान लागल्याचं सांगून मैदानाशेजारच्या नळावर गेलो. नळ तुझ्याच घराच्या ओट्यासमोरचा. पाणी प्यायलो आणि पायही धुतले. परत आलो तेव्हा अनंताने माझा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून लोकांना दाखवला. ‘बघा, कुठे आहे फक्की? एक कण तरी आहे का?’ फक्की म्हणजे आपण रेघा मारायला टाकतो तो चुना, तो नव्हताच पायाला. मी एका पायावर लंगडत उभा होतो आणि देवाची शपथ घेऊन सांगत होतो की पाय आत होता. तू माझ्या पायाकडे बघितलंस. मैदान कोरडं ठाक होतं आणि माझा पाय ओला होता. तू काही बोलला नाहीस. निर्णय मात्र बदलला नाहीस. पुढचे पॉइंट कळंबने सटासट घेतले आणि कप टेम्पोत घालून नेला. जाताना त्यांचा कॅप्टन तुला म्हणाला, ‘पंच, तुमचा बरोबर हाय, पन तुमच्या गावाला पटनार नाय.’

पुढच्या वर्षी गावाने शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. तुला निरोप आला, ‘दादा, तुम्ही फक्की टाका, तुमचा हात सरळ आहे.’ माझ्या खोटेपणाची शिक्षा तुला, आणि वर तुझ्या हाताचं कौतुक. तूही निमूटपणे दरवर्षी भोकं पाडलेला डबा घेऊन जायचास, दोरी धरून सरळ रेघा टाकायचास आणि सामने सुरू झाले की केळीच्या उलट्या क्रेटवर रेघेच्या बाहेर बसायचास. मी त्याच रेघांच्या आत खेळलो, पुढे पाहुणा म्हणून बक्षिसंसुद्धा वाटली. तुझ्याकडे बघायचं टाळायला मला चांगलं जमायचं.

फळा त्यानंतरचा. नाक्यावर, घराला लागूनच असलेल्या तुझ्या केळीच्या वखारीच्या भिंतीला तू तो ठोकलास आणि वाडीत जायच्या आधी रोज सकाळी जगभरचे निकाल लिहायला लागलास. डावीकडे ‘हरले’, उजवीकडे ‘जिंकले’. लोक हसायचे, दिन्याने उलटं लिहिलंय म्हणून. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालास, ‘जिंकणाऱ्याचं नाव कुठेही वाचायला मिळतं विसू. हरणारा पण तेवढाच खेळलेला असतो.’ मला वाटलं, टोमणा आहे. मग वाटलं, नाही. मग पुन्हा वाटलं, आहे.

रोगाच्या दिवसांत जगाचा खेळच बंद झाला, तेव्हा मी तुला फोन करून हसलो होतो, की आता काय लिहिणार. तू रोज लिहीत होतास, ‘आज सामना नाही.’ मी नायगावच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर पॉझिटिव्ह होऊन एका खोलीत पडलो होतो, बायको दाराबाहेर ताट ठेवून पळत होती. तू टेम्पोतून भाजी आणि वेलची केळी आणून गेटवर ठेवायचास. आमच्या सोसायटीचं शहाणपण बघ, ज्याची भाजी खायची त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही. तू रस्त्यापलीकडे उभा राहून वर हात करायचास. चौदाव्या मजल्यावरून तू नखाएवढा दिसायचास. संध्याकाळी फळ्याचा फोटो पाठवायचास, ‘आज सामना नाही’ लिहिलेला. त्या चौदा दिवसांत माझ्याशी रोज न चुकता बोलणारं तेवढंच एक होतं. त्याबद्दल मी तुला साधं थँक्यूही म्हटलं नाही.

मग रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ सुरू झाले. टीव्हीवाल्यांनी आधीच टेप करून ठेवलेला आरडाओरडा सोडला. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली. मी म्हटलं, ‘दादा, हे असले निकाल लिहू नकोस. बघायला माणूस नाही तो कसला खेळ?’ तू म्हणालास, ‘रेघ असतेच की.’ मी म्हटलं, ‘कोणी बघितलंच नाही तर रेघेला काय अर्थ आहे?’ तू केळ्यांची फणी मोडत होतास, ती मोडत राहिलास. आपलं ते भांडण तिथेच थांबलं आणि मी ते जिंकलो असं धरून चाललो.

टेनिसवाल्यांनी त्याच दिवसांत गर्दी नको म्हणून रेघेवरची माणसं उठवली आणि कॅमेरे बसवले. मी तुला चिडवलं, ‘तुझी जातच संपली.’ तू म्हणालास, ‘बरं झालं. मशीनला आळी नसते.’

आणि यंदाचं वर्ष. काय वर्ष होतं रे हे. रोग पुरता गेला नव्हता आणि लढाई आली. बर्फातल्या खेळांचं उद्‌घाटन बघताना तू भाबडेपणाने म्हणालास की या खेळांच्या काळात युद्ध करायचं नाही असा जुना संकेत आहे. मी हसलो. तिथे खेळाडूंना बंद आवारात कोंडलेलं, जेवण वाढणारे नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, आणि वर शांततेची गाणी. खेळ संपले आणि चार दिवसांत रणगाडे सीमा ओलांडून गेले. संकेत पाळला म्हणायचा, संपेपर्यंत थांबले बिचारे. मी तुला फोन करून हेच ऐकवलं आणि मला त्यात मजा वाटली, हेही कबूल करतो.

मग रणगाडे पाठवणाऱ्या देशाच्या अपंग खेळाडूंना आदल्या दिवशी सांगितलं, खेळा, फक्त झेंडा आणू नका. दुसऱ्या दिवशी सांगितलं, घरी जा. तीच मंडळी, तेच टेबल, एका रात्रीत तत्त्व बदललं. ज्यांच्या गावावर बॉम्ब पडत होते ते खेळाडू मात्र कसेबसे पोचले आणि पदकं घेत सुटले. तू फळ्यावर त्यांची नावं लिहिलीस, अवघड होती, तरी एकेक अक्षर जुळवून. खाली लिहिलंस, ‘काही जणांना न खेळवता परत पाठवले.’ अनंता फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘दिनूदादा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?’ तू म्हणालास, ‘मी फळ्याच्या बाजूने.’ त्याला ते कळलं नाही आणि त्याने ते मोबाईलवर गावभर पाठवलं.

उन्हाळ्यात गवतावरच्या टेनिसवाल्यांनी त्या देशाच्या खेळाडूंना यायलाच बंदी घातली. का, तर राजघराण्याच्या हातून त्यांना कप जायला नको. आणि बायकांत जिंकली कोण, तर त्याच देशात जन्मलेली, दुसऱ्या देशाच्या नावावर खेळणारी पोरगी. आपण दोघे वखारीत बसून इतके हसलो की मंदावहिनी बघायला आल्या. बुद्धिबळवाल्यांनी त्या देशातून पट उचलून आपल्या चेन्नईजवळ मांडला. आशियाचे खेळ रोगापायी वर्षभर पुढे गेले. ज्यांच्याकडे मागचा फुटबॉल वर्ल्डकप झाला त्यांना यंदाच्या वर्ल्डकपची दारं बंद, आणि ही स्पर्धा कुठे, तर वाळवंटात, थंडीत, कारण उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. मी या सगळ्यांना शिव्या घालत होतो. लबाड लेकाचे, म्हणत होतो. झेंडा पुसला, नाव पुसलं, की यांचे हात स्वच्छ झाले.

तेव्हा तू म्हणालास, ‘पुसल्याने काय होतंय विसू. पाय होता तिथे होता.’

आपण टीव्हीवर झेंड्याशिवाय चालणारा एक खेळाडू बघत होतो. त्यात पायाचा काही संबंध नव्हता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी चहा अर्धा टाकून उठलो, स्कूटर काढली आणि नायगावला येईपर्यंत तुला शिव्या घातल्या. वाटलं, सरळ बोल ना. तीस वर्षं गप्प बसून माझ्यावर उपकार करतोस का? त्यानंतर दोन महिने मी गिरीजला फिरकलो नाही. तुझा एकदा फोन आला, मी मीटिंगमध्ये आहे म्हटलं. मी तेव्हा गॅलरीत शेंगदाणे खात होतो.

गुरुवारी तू सेमीफायनलचा निकाल लिहिलास, वाडीत गेलास, केळीचा घड उतरवताना खाली बसलास आणि उठला नाहीस. फळ्यावर अजून तुझं अक्षर आहे. ‘हरले, मोरोक्को. जिंकले, फ्रान्स.’

काल सभेनंतर सगळे फायनल बघायला हॉलमध्ये थांबले. मी तुझ्या घरी गेलो. मंदावहिनी ओट्यावर बसल्या होत्या. हॉलचा गलका तिथपर्यंत ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, ‘काय बोललात सभेत, भाऊजी?’

‘विशेष काही नाही,’ मी म्हटलं.

‘वाटलंच मला,’ म्हणाल्या. मग त्यांनी नळाकडे मान वळवली. ‘त्या दिवशी मी इथेच तांदूळ निवडत बसले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणून तुमच्याशी बोलायला संकोच वाटायचा. तुम्ही अंगठा घासघासून धूत होतात. पांढरं पाणी या पायरीवरून गेलं. तुम्ही वर बघितलंच नाहीत.’

मी पायरीवर टेकलो. म्हटलं, ‘तुम्ही दादाला सांगितलं नाहीत?’

‘त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, मी येते गावासमोर, सांगते. तर म्हणाले, मला माहीत आहे. तू नको बोलूस. ते विसूने सांगायचं आहे.’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘दरवर्षी फक्की टाकायला निघाले की मी म्हणायचे, यंदा तरी विचारा त्याला. तर म्हणायचे, सांगेल तो. पोरगा वाईट नाही.’

पोरगा. बावन्न वर्षांचा आहे मी, दादा. जगातल्या सगळ्या संघटनांची पापं मोजणारा आणि रोज सकाळी आरशात स्वतःचंच तोंड बघून दाढी करणारा. तुझ्याकडे साक्षीदार होता, घरातच होता, आणि तू त्याला गप्प बसवलास. मला तुझा राग येतो. तू एकदा कानफटात मारली असतीस तर मी दुसऱ्या मिनिटाला कबूल झालो असतो. तू वाट बघितलीस. एवढा विश्वास टाकण्यासारखं माझ्यात काय दिसलं तुला, मला खरंच कळत नाही. आणि आता ते विचारायची सोय राहिली नाही.

काल मी तुमच्याकडेच झोपलो. फायनल बघितली नाही.

आज सकाळी वखार उघडली. तुझा खडूचा डबा खिळ्याला टांगलेला होता. तुझं अक्षर पुसवेना, म्हणून खाली जागा होती तिथे लिहिलं. आधी कालचा निकाल, हरले फ्रान्स, जिंकले अर्जेंटिना. मग त्याखाली दुसरी ओळ लिहायला घेतली. ती तिरकी गेली. तुझ्यासारखी दोरी धरायला हवी होती.

‘हरला, विश्वास. जिंकले, कळंब. सर्व्हिस करताना पाय रेघेवर होता. फक्की मी धुतली. पंच दिनकर, निर्णय बरोबर.’

दुधाला निघालेली माणसं थांबायला लागली. वाचत उभी राहिली. मग अनंता स्कूटरवरून आला, रात्रभर जागल्याने डोळे लाल. त्याने दोनदा वाचलं.

‘हे काय लिहिलंस? पूस ते,’ म्हणाला. ‘मी स्वतः तुझा पाय धरून गावाला दाखवलाय. तीस वर्षं सांगतोय मी लोकांना. कालसुद्धा माईकवरून बोललो.’

‘ओला होता ना पाय?’ मी विचारलं.

त्याने स्कूटर बंद केली. मग हळूच म्हणाला, ‘होता. पण तू शपथ घेतली होतीस.’

‘खोटी घेतली होती.’

त्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. स्कूटरला किक मारून निघून गेला. बहुतेक दुपारपर्यंत मंडळाची मीटिंग बोलवेल, भावना दुखावल्याचा ठराव करेल. करू दे.

मंदावहिनी ओट्यावरून सगळं बघत होत्या. माझे हात खडूने पांढरे झाले होते, शर्टाच्या बाहीलाही लागलं होतं. त्यांनी नळाकडे बोट केलं. म्हणाल्या, ‘ऑफिसला जायचंय ना, हात धुऊन घ्या.’

मी म्हटलं, ‘राहू दे, वहिनी.’ आणि तसाच निघालो.